कृष्णधवल निगेटिव्ह : फिल्म व डेव्हलपर यांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या अध्यापनात व संशोधनात छायाचित्रांचा साधन म्हणून होणारा वापर गेल्या काही दशकांत लक्षणीय प्रमाणात वाढला आहे. लिखित साधन हाती आले की आपण त्याचा कागद, शाई, अक्षरवळण, मायना आणि लेखनिक यांची चौकशी करतो. मोडी पत्राची तारीख संशयास्पद वाटली तर त्याचा कागद उजेडासमोर धरून पाहतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ते कोणी, केव्हा व कोठे घेतले एवढे कळले की आपली चौकशी संपते. ज्या निगेटिव्हवरून ते छापले गेले ती कोणत्या फिल्मवर घेतली होती आणि कोणत्या डेव्हलपरमध्ये धुतली होती, हा प्रश्न आपण तंत्रज्ञांवर सोडून देतो. मराठीत आपण 'रोल धुवायला टाकला' असे म्हणत आलो. या शब्दप्रयोगामुळे डेव्हलपिंग ही एक प्रकारची स्वच्छतेची क्रिया आहे, चित्र आधीच तयार असून त्यावरचा मळ तेवढा काढायचा आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात छायाचित्रातील सावल्या किती काळ्या असाव्यात, दाणा किती दिसावा, कडा किती तीक्ष्ण असाव्यात हे ठरवण्यात डेव्हलपरचा वाटा फिल्मइतकाच मोठा असतो.

फिल्म व डेव्हलपर यांची जोडी विचारपूर्वक निवडण्याची प्रथा छायाचित्रणाच्या जन्मापासूनची नाही. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात, काही निश्चित कारणांनी रूढ झाली. ती कारणे कोणती होती आणि त्या निवडीची कोणती खूण आज आपल्या हाती उरली आहे, याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. युरोप व अमेरिकेतील घडामोडींवर मुख्य भर असून, उष्ण हवामान व आयातीवरील निर्बंध यांमुळे भारतात या प्रश्नाला जे वेगळे रूप आले त्याचा विचार शेवटी केला आहे.

लाल दिव्याचा काळ

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली. पुढील दशकात अशा तयार काचा कारखान्यांतून विकल्या जाऊ लागल्या. त्या काळी मुख्य डेव्हलपर पायरोगॅलॉल हा होता. १८८० मध्ये विल्यम अ‍ॅबनी यांनी हायड्रोक्विनोनचा गुणधर्म दाखवून दिला. १८९१ मध्ये मेटॉल आणि बर्लिनच्या आग्फा कंपनीचे रोडिनल ही दोन द्रव्ये पुढे आली. रोडिनल हे मोमे आन्द्रेसेन या रसायनशास्त्रज्ञाचे काम होय. म्हणजे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच छायाचित्रकारासमोर डेव्हलपरचे अनेक पर्याय होते. तरीही 'या काचेसाठी हाच डेव्हलपर' असा आग्रह त्या काळात क्वचितच दिसतो. याचे कारण काम करण्याच्या पद्धतीत होते.

त्या काळातील सामान्य काचांना लाल प्रकाश जाणवत नसे. त्यामुळे छायाचित्रकार लाल दिव्याच्या उजेडात काच तबकात ठेवून तिच्यावर चित्र उमटताना डोळ्यांनी पाहत असे. चित्र फार वेगाने चढू लागले तर पोटॅशियम ब्रोमाइडचे थेंब टाकावेत, मंद वाटले तर अल्क वाढवावा, पुरेसे झाले की काच बाहेर काढावी, अशी ही रीत होती. प्रत्येक काच स्वतंत्रपणे हाताळली जाई. वैद्याने नाडी पाहून मात्रा कमीजास्त करावी तसेच हे काम चाले. शिवाय मोठ्या काचेवरून मुद्रण बहुधा कागद तिला चिकटवूनच केले जात असे. चित्र मोठे करायचे नसल्यामुळे दाणा दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

या आत्मविश्वासाला पहिला धक्का १८९० मध्ये बसला. इंग्लंडमधील विड्नेस येथील रासायनिक कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफिल्ड यांनी प्रकाशदान आणि काळेपणा यांचा संबंध मोजून आलेखाने मांडला. डेव्हलपिंगने एकंदर छायाभेद वाढवता येतो, परंतु निरनिराळ्या छटांचे परस्परनाते कॅमेऱ्यातच निश्चित होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पीटर हेन्री इमर्सन हे छायाचित्रण ही कला आहे असे हिरिरीने सांगणारे लेखक होते. त्यांनी लवकरच काळ्या चौकटीची एक पुस्तिका काढून आपला दावा मागे घेतला, आणि त्यामागील कारणांत हे संशोधन प्रमुख होते. एका आलेखाने एखाद्या कलावंताचे मतपरिवर्तन घडावे हा प्रसंग कलेच्या इतिहासात विरळाच. त्या प्रतिपादनाला पुढे मुरड घालावी लागली, तरी त्यातील एक गोष्ट टिकून राहिली. जी सावली फिल्मवर नोंदलीच गेली नाही ती कोणत्याही डेव्हलपरला निर्माण करता येत नाही.

छोटी निगेटिव्ह आणि पूर्ण अंधार

यानंतरच्या तीन बदलांनी निवडीचा प्रश्न निर्माण केला असे म्हणता येईल.

पहिला बदल वर्णसंवेदनेचा होता. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून काचेची संवेदना वाढवता येते हे शोधले होते. १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सर्व रंगांना संवेदनशील, म्हणजे पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आणल्या. या काचांना लाल दिवाही चालत नाही. अंधारखोली खरोखर अंधारी झाली, आणि डोळ्यांची जागा घड्याळ व तापमापक यांनी घेतली. दुसरा बदल आकाराचा. ऑस्कर बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत विक्रीस आला. चित्रपटाची ३५ मि.मी. रुंदीची फिल्म वापरणाऱ्या या कॅमेऱ्याची निगेटिव्ह २४ × ३६ मि.मी. एवढीच होती. तिच्यावरून आठ बाय दहा इंचांची प्रत काढायची तर सरळ रेषेत आठपटीहून अधिक मोठी करावी लागे. काचेवर ज्याची कोणी दखल घेतली नव्हती तो दाणा आता चेहऱ्यांवर वाळूसारखा दिसू लागला. तिसरा बदल सहसा सांगितला जात नाही, परंतु तो तितकाच महत्त्वाचा आहे. एका रोलवर छत्तीस चित्रे असत आणि ती सर्व एकाच टाकीत, एकाच वेळी धुवावी लागत. सकाळचे उन्हातले दृश्य आणि संध्याकाळचे घरातले दृश्य यांना वेगळी वागणूक देण्याची सोय राहिली नाही.

या तिन्ही बदलांचा एकत्रित परिणाम असा की, जो निर्णय पूर्वी तबकासमोर उभे राहून, चित्र पाहत घेतला जाई तो आता अंधारखोलीत पाऊल टाकण्यापूर्वीच, किंबहुना कॅमेऱ्यात फिल्म भरतानाच घ्यावा लागू लागला. फिल्म व डेव्हलपर यांची 'जोडी' ही कल्पना येथून सुरू होते.

डी-७६ : चित्रपटाकडून आलेले सूत्र

या प्रश्नाचे सर्वांत दीर्घायुषी उत्तर स्थिरचित्रकारांसाठी शोधलेलेच नव्हते. १९२७ मध्ये कोडॅक कंपनीतील जॉन कॅपस्टाफ यांनी चित्रपटाच्या निगेटिव्हसाठी एक डेव्हलपर तयार केला. तो डी-७६ या रूक्ष नावाने ओळखला गेला. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम, एवढेच त्याचे घटक.

या सूत्रातील मोठा आकडा सल्फाइटचा आहे, आणि त्याची बरीचशी कथा त्या आकड्यातच आहे. सल्फाइट हवेतील प्राणवायूपासून डेव्हलपरचे रक्षण करते हे पूर्वीच माहीत होते. परंतु इतक्या मोठ्या प्रमाणात ते चांदीच्या क्षारांचा अल्प अंश विरघळवते, आणि त्यामुळे दाणा मऊ होतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छापील चित्रात आपल्याला दिसणारा दाणा म्हणजे चांदीचा एकेक कण नव्हे, कारण तो साध्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो. एकमेकांवर पडलेल्या कणांचे पुंजके आपण दाणा म्हणून पाहतो. मेटॉल व हायड्रोक्विनोन यांचे एकत्रित बळ त्यांच्या स्वतंत्र बळांच्या बेरजेपेक्षा अधिक असते. टाकणखार हा सौम्य अल्क असल्यामुळे ते बळ बेफाम होत नाही. सावल्यांतील तपशील राखावा, उजळ भाग फार दाट होऊ नये आणि दाणा मर्यादेत राहावा, या तीन मागण्यांमधला हा समंजस तोडगा होता. तो तिन्हींपैकी कशातही सर्वोत्तम नव्हता, पण कशातही फार मागे नव्हता.

या सूत्रात एक दोषही होता. साठवून ठेवलेल्या द्रावणाचा अल्कपणा हळूहळू वाढतो आणि ते अधिक जोरकस होते. १९२९ मध्ये कार्लटन व क्रॅबट्री यांनी चित्रपट-अभियंत्यांच्या नियतकालिकात सूक्ष्मदाणा डेव्हलपरांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या सूत्राच्या सुधारित आवृत्त्या त्यानंतर प्रचारात आल्या. त्यांपैकी एकीत बोरिक अ‍ॅसिड घालून हा दोष आवरला आहे.

डी-७६ च्या यशात रसायनाइतकाच वाटा त्याच्या प्रसिद्धीचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रोडिनल बाटलीतून विकले जाई आणि त्याचे नेमके प्रमाण ही कंपनीची मालमत्ता होती. डी-७६ चे सूत्र मात्र छापून उपलब्ध होते. इलफर्ड कंपनीचा आयडी-११ हा जवळजवळ त्याच प्रमाणांचा आहे. प्रतिस्पर्ध्यांनी एकच पाककृती वापरल्यामुळे ती मोजपट्टी बनली. नवी फिल्म बाजारात आली की तिच्या तक्त्यात डी-७६ ची वेळ द्यावी लागे, आणि नवा डेव्हलपर आला की त्याची तुलना डी-७६ शीच होई. जे सर्वांना ठाऊक आहे तेच प्रमाण ठरते, या भाषेच्या इतिहासात आपण पाहिलेल्या नियमाचा हा रसायनातला दाखला होय.

१९३० च्या दशकात दाणा आणखी बारीक करण्याचे वेड शिगेला पोहोचले होते. पॅराफेनिलीनडायमीन या विषारी, त्वचेला अपाय करणाऱ्या व डाग पाडणाऱ्या द्रव्यावर आधारलेले डेव्हलपर निघाले. त्यांनी दाणा बारीक केला खरा, पण फिल्मचा वेग इतका घटला की संथ फिल्मच वापरली असती तर काय बिघडले असते, असा प्रश्न पडावा. १९४४ मध्ये कोडॅकने केवळ मेटॉल (७.५ ग्रॅम) व सल्फाइट (१०० ग्रॅम) यांचे डी-२३ हे सूत्र दिले. साधेपणात त्याला तोड नाही.

तीक्ष्णतेचा पक्ष

महायुद्धानंतर मतप्रवाह उलटला. दाणा विरघळवताना कडाही विरघळतात, आणि चित्र गुळगुळीत पण मवाळ होते, ही तक्रार वाढली. जर्मनीतील आडॉक्स कंपनीच्या पातळ थराच्या संथ फिल्मा आणि विली बॉयटलर यांचा सौम्य डेव्हलपर ही १९५० च्या दशकातील जोडी या नव्या पक्षाची प्रतिनिधी होय. याच काळात रोडिनलला नवे महत्त्व आले. त्याचे एकास पन्नास किंवा एकास शंभर असे पातळ द्रावण करतात तेव्हा सल्फाइटचे प्रमाण नगण्य राहते आणि दाणा विरघळत नाही. दाट व फिक्या भागांच्या सीमेवर डेव्हलपर दाट बाजूस लवकर थकतो, फिक्या बाजूस ताजा राहतो. परिणामी सीमारेषेवर किंचित गडद व किंचित फिकट अशा दोन कडा उमटतात. डोळ्याला ते चित्र अधिक तीक्ष्ण भासते. संथ फिल्मवर हा परिणाम देखणा दिसतो. वेगवान फिल्मवर मात्र दाणाही तितक्याच ठामपणे पुढे येतो. १८९१ मधील एक द्रव्य साठ वर्षांनी, त्याच्या जन्माच्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या प्रश्नाचे उत्तर ठरले.

डी-७६ एकास एक पाणी घालून वापरण्याची पद्धतही याच वादातील मध्यममार्ग आहे. सल्फाइट लिटरमागे ५० ग्रॅमवर येते, दाणा थोडा उघडा पडतो आणि कडा सावरतात. इलफर्डच्या प्रयोगशाळेत केंडल यांनी १९४० मध्ये शोधलेल्या फेनिडोनमुळे फिल्मचा वेग थोडा वाढवणारे डेव्हलपर पुढे शक्य झाले, एवढा उल्लेख येथे पुरेसा आहे.

ट्राय-एक्स आणि 'वाढवलेला' वेग

कोडॅकची ट्राय-एक्स ही फिल्म १९४० पासून सुट्या पत्र्यांच्या स्वरूपात मिळत होती. १९५४ मध्ये ती ३५ मि.मी. व १२० या आकारांत आली, आणि डी-७६ बरोबरची तिची जोडी वृत्तछायाचित्रणाच्या एका पिढीची जोडी ठरली. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने दोन ठिकाणी सावध राहावे.

पहिले ठिकाण आकड्यांचे. सुरुवातीस या फिल्मचा अधिकृत वेग २०० एएसए होता. १९६० मध्ये अमेरिकन मानक सुधारण्यात आले, सुरक्षिततेसाठी ठेवलेली वाढीव मोजणी काढून टाकण्यात आली आणि फिल्म तीच असताना तिचा आकडा ४०० झाला. १९५० च्या दशकातील एखाद्या वहीत २०० हा आकडा आढळला, तर छायाचित्रकाराने फिल्मला मुद्दाम जास्त प्रकाश दिला असा अर्थ काढणे म्हणजे जुन्या मापाचा शेर नव्या किलोने मोजण्यासारखे आहे.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. अपुऱ्या उजेडात चित्र घेऊन ती उणीव डेव्हलपिंगची वेळ वाढवून भरून काढण्याची प्रथा वृत्तपत्रांत सर्रास होती. याला वेग 'वाढवणे' म्हणत. परंतु हर्टर व ड्रिफिल्ड यांनी दाखवल्याप्रमाणे, वेळ वाढवल्याने मुख्यतः उजळ भाग अधिक दाट होतो. सावल्यांना मिळते ते अगदी थोडे. अशा निगेटिव्हवरून काढलेल्या चित्रात चेहरा प्रखर, दाणा ठळक आणि पार्श्वभूमी काळीकुट्ट असते. वर्गात असे चित्र दाखवताना आपण 'काळोखातून पुढे आलेला माणूस', 'परिस्थितीचा अंधार' असे काही बोलून जातो. प्रस्तुत लेखकानेही ते केले आहे. त्या काळोखात भिंत, दिनदर्शिका, उभे असलेले आणखी चार लोक असण्याची पूर्ण शक्यता असते. फिल्मने ते टिपले नाहीत एवढाच त्या काळोखाचा अर्थ असू शकतो. याच्या उलट, काही छायाचित्रकारांनी हा परिणाम जाणूनबुजून स्वीकारला हेही खरे. कोणती सावली सक्तीची आणि कोणती निवडलेली, हे केवळ छापील प्रतीवरून ठरवता येत नाही.

वीस अंशांचा तक्ता आणि आपले पाणी

आतापर्यंत उल्लेखिलेली सर्व सूत्रे व तक्ते २० अंश सेल्सिअस हे तापमान गृहीत धरतात. रॉचेस्टर किंवा लंडन येथे ते गृहीतक रास्त होते. मुंबईत मे महिन्यात नळाचे पाणीच तीस अंशांच्या आसपास असते. डी-७६ सारख्या डेव्हलपरमध्ये तापमान चार अंशांनी वाढले तर वेळ साधारण तीस टक्क्यांनी घटते. तापमान आणखी चढले की वेळ इतकी कमी होते की रोल सर्वत्र सारखा धुतला जाईल याची खात्री उरत नाही. त्याहून मोठी अडचण जिलेटिनची होती. गरम पाण्यात ते फुगते, मऊ होते, बोटाच्या स्पर्शानेही खरवडले जाते. गरम डेव्हलपरमधून एकदम थंड पाण्यात गेल्यास त्यावर जाळीदार सुरकुत्या पडतात आणि त्या कायमच्या राहतात.

यावर उपाय होते. तबकाभोवती बर्फ ठेवणे हा सर्वांत साधा. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे रोखावे आणि नंतर क्रोम तुरटीच्या पाण्यात फिल्म कठीण करून घ्यावी, अशी उष्ण प्रदेशांसाठीची खास सूत्रे कोडॅकने दिली होती. म्हणजे आपल्याकडे डेव्हलपरच्या निवडीत दाणा, तीक्ष्णता व वेग या तीन निकषांच्या आधी, निगेटिव्हचा थर जागेवर राहील काय, हा चौथा निकष येत असे.

फिल्मच्या निवडीबाबत स्थिती आणखी मर्यादित होती. स्वातंत्र्यानंतर प्रदीर्घ काळ फिल्म ही आयात वस्तू होती, आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सार्वजनिक कंपनीने फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या सहकार्याने उदगमंडलम येथे कारखाना उभारला. १९६७ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, आणि 'इंदू' हे नाव देशभर पोहोचले. पुढे हा कारखाना बंद पडला. युरोपातील हौशी छायाचित्रकार आधी फिल्म ठरवून तिला साजेसा डेव्हलपर शोधत असे. टंचाईच्या काळात आपल्याकडे क्रम उलटा झाला. जी फिल्म मिळाली तिच्याशी जमवून घेणे हेच डेव्हलपरचे काम होते. अशा वेळी छापील सूत्राचे मोल कळते. तराजू, मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि टाकणखार एवढ्या सामग्रीवर डी-७६ घरी तयार होऊ शकत होता. बाटलीबंद गुप्त द्रव्याच्या बाबतीत ते शक्य नव्हते.

निगेटिव्हची कडा

या जोडीपैकी फिल्म आपले नाव मागे ठेवते. रोल फिल्मच्या कडेवर कंपनीचे व बहुधा फिल्मचेही नाव प्रकाशाने छापलेले असते आणि ते डेव्हलपिंगच्या वेळी चित्राबरोबरच उमटते. सुट्या पत्र्यांच्या एका कोपऱ्यात विशिष्ट खाचा असतात. अंधारात बोटांनी चाचपून फिल्मचा प्रकार ओळखता यावा हा त्यांचा हेतू होता, आणि आज त्या कालनिर्णयास उपयोगी पडतात. डेव्हलपर मात्र अनामिक राहतो. त्याला अपवाद पायरोगॅलॉलचा. त्याचा पिवळसर तपकिरी डाग निगेटिव्हवर राहतो. इतर डेव्हलपरांबाबत दाण्याच्या व कडांच्या स्वरूपावरून अंदाज बांधता येतो, पण खात्रीलायक पुरावा एकच, आणि तो म्हणजे अंधारखोलीची वही. तीत फिल्म, द्रावण, तापमान व मिनिटे यांच्या नोंदी असतात. जुन्या स्टुडिओंची सामग्री मोडीत काढली जाते तेव्हा निगेटिव्हांचे डबे कधी कधी वाचतात. डाग पडलेली, हायपोचा वास येणारी वही मात्र रद्दीत जाते.

अलीकडे अनेक महाविद्यालये व ग्रंथालये आपल्याकडील जुन्या निगेटिव्हांचे संगणकीय जतन करीत आहेत. हे काम स्तुत्य आहे. परंतु बहुतेक ठिकाणी स्कॅनरची चौकट चित्राच्या सीमेवर बसवली जाते आणि कडा बाहेर राहते. छायाचित्र प्रसिद्ध करताना कडा कापणे समजण्यासारखे आहे. जतन करताना संपूर्ण पट्टी, तिच्या छिद्रांसह, नावासह आणि चित्रक्रमांकासह स्कॅन करण्यास खर्च जवळपास तेवढाच येतो. ज्या डब्यात निगेटिव्ह मिळाली त्यावरील हस्ताक्षर, पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली मिनिटे आणि सापडलीच तर ती वही, यांना निगेटिव्हच्याच नोंदक्रमांकाखाली ठेवावे लागेल.